खर्जाचा ठाव

ध्वनी नेमका असतो कुठे, हा भारतीय दर्शनांमधला जुना वाद आहे. नगाऱ्यावर टिपरू पडले की आवाज नगाऱ्यात असतो, मधल्या अवकाशात असतो, की ऐकणाऱ्याच्या कानात? न्याय-वैशेषिक, मीमांसक, जैन आणि बौद्ध यांनी याची वेगवेगळी उत्तरे दिली आणि शतकानुशतके एकमेकांची उत्तरे खोडून काढली. रोजच्या व्यवहारात या प्रश्नावाचून काही अडत नाही. आवाज जिथून येतो तिथेच तो आहे, असे धरून चालता येते. अडते ते खर्जापाशी. घरातल्या संगीतयंत्रणेला सबवूफर जोडायचे ठरले, की हा प्रश्न टाळता येत नाही, कारण ते खोके कुठे ठेवायचे हे ध्वनी कुठे असतो यावर ठरते.

माणसाला साधारण २० ते २०,००० हर्ट्‌झपर्यंतचे स्वर ऐकू येतात. त्यातला तळाचा पट्टा, म्हणजे २० पासून ८० किंवा फार तर १०० हर्ट्‌झपर्यंतचा, सांभाळणे हे सबवूफरचे काम. डग्ग्याचा घुमारा, चर्चमधल्या ऑर्गनच्या सर्वांत लांब नळ्यांचा स्वर, चित्रपटातला स्फोट हे सगळे इथे येते. या पट्ट्यात दोन अडचणी असतात. आवाजाची पातळी तीच ठेवून एक सप्तक खाली उतरायचे तर स्पीकरच्या कोनाला, म्हणजे हलणाऱ्या पडद्याला, चौपट हवा हलवावी लागते. त्यातच कानही इथे मंद असतो. मधल्या स्वरांचा अगदी क्षीण आवाज कान टिपतो. २० हर्ट्‌झचा स्वर जाणवायलाच ७५ ते ८० डेसिबलच्या आसपास दाब लागतो. म्हणून सबवूफरचा कोन मोठा, दहा-बारा इंची असतो आणि बहुतेकांत स्वतंत्र ॲम्प्लिफायर बसवलेला असतो.

निवडताना खरा निर्णय असतो बंद पेटी की भोकाची पेटी हा. भोकाच्या पेटीत कोनाच्या पाठीमागची हवा एका नळीतून बाहेर काढलेली असते. ती एका ठरावीक स्वराभोवती कोनाला भक्कम साथ देते, पण त्या स्वराखाली आवाज झपाट्याने, सप्तकाला २४ डेसिबलच्या उताराने, कोसळतो. बंद पेटीचा उतार १२ डेसिबलचा, म्हणजे सौम्य. लहान बंद खोलीत भिंतीच अगदी खालच्या स्वरांना उचलून धरतात, त्यामुळे या सौम्य उताराची बरीचशी भरपाई खोलीच करते. फ्लॅटमधल्या दिवाणखान्यात संगीत ऐकण्यासाठी बंद पेटी घेणे शहाणपणाचे, ते याच कारणाने. मोठ्या दालनात चित्रपट पाहायचे असतील तर भोकाची पेटी उजवी ठरते. इथपर्यंतचा विचार वस्तूच्या गुणांचा आहे. पण त्यातही खोली शिरलीच. पेटीची चांगली-वाईट पारख खोली वगळून करता येत नाही.

खोलीचा वाटा किती मोठा आहे, हे खोके घरी आल्यावर कळते. १५ फूट लांब, १२ फूट रुंद आणि साडेनऊ फूट उंच असा दिवाणखाना धरू. ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर. ३८ हर्ट्‌झच्या आसपासच्या लाटेची लांबी नऊ मीटर, म्हणजे खोलीच्या लांबीच्या बरोबर दुप्पट. अशी लाट समोरासमोरच्या भिंतींवर आपटून परतते, येणारी आणि जाणारी लाट एकमेकींत मिसळतात आणि दाबाचा एक स्थिर साचा तयार होतो. त्याचा जोर दोन्ही भिंतींलगत सर्वाधिक आणि मधोमध जवळपास शून्य असतो. रुंदीमुळे असाच साचा ४७ हर्ट्‌झला आणि उंचीमुळे ५९ हर्ट्‌झच्या आसपास तयार होतो. परिणामी एकच स्वर भिंतीला टेकलेल्या सोफ्यावर छातीत घुमतो आणि खोलीच्या मध्यावर ठेवलेल्या खुर्चीत नाहीसा होतो. यंत्र तेच, स्वर तोच, कानही तेच. मग तो स्वर मोठा होता की नव्हता? या प्रश्नाला जागा सांगितल्याशिवाय उत्तरच नाही.

वैशेषिकांची मांडणी इथे आश्चर्यकारक रीतीने जवळची वाटते. त्यांच्या मते शब्द हा आकाशाचा विशेष गुण. तो उपजतो संयोगातून, विभागातून किंवा आधीच्या शब्दातून: नगाऱ्यावर काठी आदळली हा संयोग, बांबू चिरला हा विभाग. पण तिथे उपजलेला पहिला शब्द कानापर्यंत चालत येत नाही. त्यापासून दुसरा, दुसऱ्यापासून तिसरा अशी शब्दांची मालिका उपजत जाते. ती पाण्यावरच्या लाटांप्रमाणे पसरते, असे वीचीतरंगन्याय सांगतो. कदंबाच्या फुलाप्रमाणे एकदम सर्व दिशांना फुटते, असे कदंबन्याय सांगतो. श्रोत्र म्हणजे कानाच्या पोकळीने मर्यादित झालेले आकाशच, आणि ऐकू येतो तो या मालिकेतला तिथे उपजलेला शब्द. म्हणजे ‘नगाऱ्याचा आवाज ऐकला’ हे बोलणे काटेकोरपणे पाहता अपुरे आहे. ऐकला तो कानापाशी झालेला आवाज. नगारा त्याचा दूरचा पूर्वज.

सबवूफर लावणाऱ्याने हीच गोष्ट मान्य करावी लागते. खोक्याची चाचणी मोकळ्या मैदानात कितीही चोख झालेली असो, ऐकणाऱ्याच्या वाट्याला येतो तो त्याच्या खुर्चीपाशी घडलेला ध्वनी. मध्यावरची पोकळी ॲम्प्लिफायरचा जोर वाढवून भरत नाही, कारण जोर वाढला की उलट परतणारी लाटही तेवढीच वाढते. जागा बदलणे हाच तिथे उपाय.

जागा शोधण्याची एक जुनी रीत आहे आणि ती या वादाच्या दृष्टीने फार बोलकी आहे. सबवूफर कोपऱ्यात ठेवून खुर्ची फिरवत बसण्याऐवजी सबवूफरच ऐकण्याच्या जागी, शक्य तर खुर्चीवर, ठेवतात. ठरावीक सुरांची चढती-उतरती बास लाइन सतत वाजती ठेवतात. मग ऐकणारा गुडघ्यांवर, जमिनीलगत, भिंतीच्या कडेकडेने सरकत जातो. टीव्हीच्या कपाटाजवळ एक स्वर फुगून बाकीचे गिळतो. कोपऱ्यात सगळेच फुगतात. दाराच्या बाजूला दोन स्वर गळून पडतात. आणि भिंतीच्या मध्याजवळ कुठेतरी सगळे स्वर सारख्या वजनाने, स्पष्ट सुटे ऐकू येतात. ती जागा सबवूफरची. ही युक्ती चालते, कारण ध्वनीच्या प्रवासात उगम आणि श्रोता यांची अदलाबदल केली तरी दोघांमधले नाते बदलत नाही. एकोणिसाव्या शतकात हेल्महोल्ट्झ आणि रॅले यांनी हा नियम गणिताने मांडला. ज्याला अमुक ठिकाणचा आवाज म्हणतात, तो खरे तर दोन ठिकाणांमधला व्यवहार असतो, हे एवढ्या साध्या कृतीतून अंगाला कळते.

बौद्धांची भूमिका वेगळी होती. वसुबंधूच्या अभिधर्मकोशात डोळा, कान आणि मन ही इंद्रिये विषयाला स्पर्श न करता त्याला जाणतात असे म्हटले आहे. आवाज कानात नव्हे, तिकडे, अमुक दिशेला, अमुक अंतरावर ऐकू येतो, हा सर्वांचा अनुभव या भूमिकेला बळ देतो. पाश्चात्त्य तत्त्वज्ञानातही हा वाद आहे. जॉन लॉकने १६९० मध्ये ध्वनीला रंग-चवीच्या पंक्तीत बसवले: वस्तूत फक्त सामर्थ्य, अनुभव ऐकणाऱ्याचा. उलट तत्त्वज्ञ केसी ओकॅलहन यांनी २००७ मधल्या आपल्या पुस्तकात ध्वनी ही उगमाजवळ घडणारी घटना मानली, आणि तिकडे ऐकू येण्याचा अनुभव खरा ठरवला.

खर्ज या अनुभवालाच सुरुंग लावतो. दोन कानांमध्ये अंतर जेमतेम वीतभर. ८० हर्ट्‌झची लाट चार मीटरहून लांब. एवढ्या लांब लाटेचा दोन्ही कानांवरचा फरक अगदी बारीक असतो, आणि लहान खोलीत भिंतींवरून परतणाऱ्या लाटा तोही पुसून टाकतात. त्यामुळे सबवूफर सोफ्यामागे असला तरी डग्गा समोरच्या तबलजीच्या हातूनच वाजतो असे वाटते. सबवूफर आणि मुख्य स्पीकर यांच्यातली सीमा, म्हणजे क्रॉसओव्हर, ८० हर्ट्‌झच्या आसपास ठेवायची ती याचसाठी. सीमा १२० वर नेली की खोके स्वतःचा पत्ता सांगू लागते. दिशेचा अनुभव हा ध्वनीच्या ठिकाणाचा पुरावा मानला, तर खर्जाला ठिकाणच नाही असे म्हणावे लागेल. त्यापेक्षा दिशा हे ध्वनीचे स्वरूप नसून काही ध्वनींविषयी श्रोत्याने काढलेले अनुमान आहे, असे मानणे अधिक सुसंगत दिसते.

वैशेषिक मतालाही मात्र इथे एक अडचण सोसावी लागते. क्रॉसओव्हरच्या सीमेवर एकच स्वर सबवूफर आणि मुख्य स्पीकर दोघेही वाजवत असतात. एकाचा कोन पुढे येत असताना दुसऱ्याची लाट खुर्चीपाशी मागे हटत असेल, तर दोन आवाज मिळून शांतता तयार होते. सबवूफरच्या पाठीवरचे फेजचे बटण यासाठी असते. सीमेच्या स्वराचा चाचणीध्वनी लावून एकाने खुर्चीवर बसावे, दुसऱ्याने बटण ० ते १८० अंशांत हळूहळू फिरवावे, आणि आवाज सर्वांत भरीव झाला की थांबावे. आधीचा शब्द पुढच्या शब्दाने नाश पावतो एवढे वैशेषिक मानतात, पण तो एकाच मालिकेतला क्रम आहे. दोन स्वतंत्र मालिकांनी एकमेकींना पुसावे, याला आकाशाच्या गुणांत सहज जागा मिळत नाही.

जैनांनी शब्दाला आकाशाचा गुण मानलेच नाही. तत्त्वार्थसूत्रात शब्द पुद्गलाच्या, म्हणजे जड द्रव्याच्या, पर्यायांत मोजला आहे. शब्द अडवता येतो, मोठ्या शब्दाने लहान शब्द दबतो; अमूर्त आकाशाचा गुण असा अडवला-दाबला कसा जाईल, असा टीकाकारांचा रोख. दाराची काच थरथरवणारा आणि मांडीवर ठेवलेल्या हाताला जाणवणारा खर्ज पाहता हा युक्तिवाद बिनतोड वाटतो. आजचे भौतिकशास्त्रही ध्वनीला हवेच्या दाबाची हालचाल मानते. द्रव्याशिवाय ध्वनी नाही. मीमांसकांचा नित्य शब्द वर्णांविषयीचा आहे, वेदवाक्यासाठी मांडलेला. त्याला व्यक्त करणारा ध्वनी तेही वायूशीच जोडतात, म्हणून नगाऱ्याच्या वादात त्यांचे जैनांशी फारसे भांडण उरत नाही.

तरीही सगळा ध्वनी द्रव्यात संपतो असे नाही. काळी एक पट्टीत लावलेल्या पुरुषी तानपुऱ्याच्या खर्जाच्या तारेचा मूळ स्वर सुमारे ६९ हर्ट्‌झ. मोबाइलचा चिमुकला स्पीकर तो स्वर जवळपास उमटवतच नाही. त्यातून येतात १३८, २०७, २७६ असे वरचे सहस्वर. तरी ऐकणाऱ्याला खर्जाचा षड्जच ऐकू येतो, कारण या सहस्वरांमधल्या समान अंतरावरून मेंदू गैरहजर मूळ स्वर ठरवतो. खोलीत नसलेला स्वर ऐकू आला, याला भ्रम म्हणणे कठीण, कारण स्वर बरोबर ओळखला गेला आहे. सबवूफर लावल्यावर त्या षड्जाची ओळख बदलत नाही. बदलते ते त्याचे असणे: तार लांब, भोपळा मोठा आणि गवयी समोर बसला आहे असे वाटू लागते. स्वर कोणता हे मनाने ठरवले होते. त्याचे वजन हवेने आणले.

यावरून एक भूमिका ठामपणे घेता येते. ध्वनी खोक्यात नसतो आणि नुसता डोक्यातही नसतो. तो उगम, बंदिस्त अवकाश आणि श्रोता या तिघांत मिळून घडतो, आणि ऐकणे म्हणजे त्या घडण्यातला आपल्या जागेवरचा वाटा. श्रोत्राला मर्यादित आकाश म्हणणाऱ्यांनी जागेचे महत्त्व ओळखले, पुद्गल म्हणणाऱ्यांनी वजनाचे.

ध्वनी असा पसरलेला असेल तर त्याची जबाबदारीही खुर्चीपाशी संपत नाही. भिंत उंच स्वर सहज अडवते, पण स्वर एक सप्तक खाली आला की तिचा रोध साधारण ६ डेसिबलने घटतो. म्हणून शेजारच्या घरात गाण्याचे शब्द पोचत नाहीत, ठोके तेवढे पोचतात. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनी निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबलची मर्यादा घातली आहे. ती मोजायची ए भारांकाने, आणि हा भारांक ५० हर्ट्‌झच्या स्वरातून सुमारे ३० डेसिबल वजा करतो. मापक मर्यादेत दाखवत असताना शेजारच्या खाटेवर झोपलेल्याची झोप मोडू शकते. नियम पाळला म्हणजे त्रास दिला नाही असे होत नाही. श्रोता हा ध्वनीचा भाग असेल, तर भिंतीपलीकडचा माणूसही त्यात आला, त्याने ऐकायचे ठरवले नसले तरी.

सबवूफरची मांडणी म्हणूनच भिंतीपलीकडच्या घरातही तपासायला हवी. खोक्याखाली जाड रबर घातले तर जमिनीतून जाणारा कंप कमी होतो, हवेतून जाणारा नाही. सामाईक भिंतीपासून आणि कोपऱ्यापासून खोके दूर नेले, खोलीच्या समोरासमोरच्या भिंतींच्या मध्यावर दोन लहान सबवूफर ठेवले, तर लांबीचा साचा बराच दबतो आणि सर्व खुर्च्यांवर खर्ज सारखा पोचतो. मग मध्यावरच्या पोकळीच्या नादात आवाज चढवावा लागत नाही. पातळी ठरवताना एकदा शेजाऱ्याच्या दिवाणखान्यात, रात्री ज्या वेळी प्रत्यक्ष ऐकणे होणार आहे त्या वेळी, उभे राहून ऐकावे आणि तिथे ठोका जाणवेनासा होईपर्यंत सबवूफरचे बटण खाली आणावे.