शिशाचा जमाखर्च

भोर आणि वेल्हे या भागांची भूमी ज्या काळ्या कातळाची घडलेली आहे, त्याने आंबेमोहोर पिकवला, नाचणी पिकवली आणि राजगड-तोरण्याला तट पुरवले; शिसे मात्र त्याच्या पोटात नाही. म्हणून मावळात तोड्याच्या बंदुकीतून सुटलेली गोळी ही परमुलखाच्या धातूची असे. कोकणच्या बंदरांत उतरलेले, इंग्रज-फ्रेंच वखारवाल्यांशी सौदा करून घेतलेले शिसे घाटवाटा चढून गडाच्या कोठीत दाखल होई. आणि तेथे हुकूम हवालदाराचा, हजिरी व दप्तर सबनिसाचे, साठा कारखानिसाच्या जिम्मेस, अशी वाटणी असल्यामुळे एकाने घेतलेला निर्णय दुसऱ्याच्या लेखणीतून उतरे व तिसऱ्याच्या हातून मोजून दिला जाई.

आज तोच धातू दारात येऊन पडला आहे. गाडीच्या निकामी बॅटरीतील पत्रे, मासेमारीच्या जाळ्याला ओवलेली शिशे, ऑफसेट आल्यावर छापखान्यांनी वजनावर विकून टाकलेले खिळे, हे सारे भंगारवाल्याच्या काट्यावर किलोच्या भावाने उतरते. परदेशांत हौशी नेमबाज घरच्या घरी गोळ्या ओततात आणि त्यासाठी स्वस्त शिसे कोठे मिळेल याची चौकशी करीत असतात. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र अधिनियमाप्रमाणे परवान्यावाचून दारूगोळा तयार करता येत नाही. पण कायद्याने दार लावले म्हणून धर्मविचाराने तोंड मिटावे असे नाही. गोळी झाडणाऱ्याच्या पापपुण्याची चर्चा आपल्याकडे पुष्कळ झाली. ज्याने शिसे गोळा केले, विकले, वितळवले, त्याच्याकडे काय बाकी निघते, हा प्रश्न मात्र तसाच राहिला आहे.

दोष धातूवर ढकलता येत नाही. अथर्ववेदाच्या पहिल्या कांडात शिशाचे एक छोटे सूक्त आहे. आमची गाय, आमचा घोडा, आमचा माणूस जो मारील त्याला आम्ही शिशाने विद्ध करू, असा त्याचा आशय आहे. बंदुकीची कल्पनाही नव्हती त्या काळी हे उच्चारले गेले याचे आश्चर्य वाटते खरे. परंतु त्याहून विचारणीय आहे तो त्यातील क्रम. तेथे आधी अपराध सांगितला आहे आणि शिसे नंतर आले आहे. रसशास्त्राने या धातूला नाग असे नाव देऊन पूतिलोहांत, म्हणजे दुर्गंधी धातूंत, बसवले, तरी त्याला त्याज्य ठरवले नाही. लोखंडी पळीत शिसे तापले की त्याच्यावर करडी साय धरते, ती बाजूला सारताच खाली चांदीसारखा लखलखीत रस दिसतो, आणि तो तेलात, ताकात, कांजीत, गोमूत्रात, कुळथाच्या काढ्यात प्रत्येकी सात वेळा ओतावयाचा असतो. पातळ पदार्थाला भिडताच शिसे तडतडून उसळते, म्हणून भांड्यावर भोक पाडलेले झाकण ठेवतात आणि त्या भोकातूनच धार सोडतात. द्रव्याचा दोष असा धुता येतो. जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्याने ज्या खिळ्यांनी संस्कृत ग्रंथ छापले, त्यांतही मुख्य भाग शिशाचाच होता, आणि त्याच खिळ्यांचा रस गोळीच्या साच्यात ओतला तर तो तितक्याच निमूटपणे गोळी होईल.

मग भार येतो तो माणसावर, आणि तेथे आपल्या शास्त्रकारांनी पळवाट ठेवलेली नाही. पतंजलीने हिंसेचे कृत, कारित आणि अनुमोदित, म्हणजे स्वतः केलेली, दुसऱ्याकडून करविलेली आणि संमती दिलेली, असे तीन प्रकार सांगून तिच्या मुळाशी लोभ, क्रोध व मोह असतात असे म्हटले. जैन आचार्य समंतभद्रांच्या रत्नकरंड श्रावकाचारात परशू, तलवार, कुदळ, अग्नी यांसारखी हिंसेची साधने दुसऱ्याला देणे हाच ‘हिंसादान’ नावाचा अनर्थदंड, म्हणजे निष्कारण घडणारे पाप, मानला आहे. आणि बुद्धाने उपासकाला जे पाच व्यापार वर्ज्य केले त्यांत शस्त्रांचा व्यापार आहे. कुदळ देणाऱ्यालाही जेथे विचार करावयास सांगितला, तेथे शिसे विकणाऱ्याने ‘मी तर भंगार विकतो’ असे म्हणून हात झटकावेत, हे मला मान्य होत नाही. न जाणता विकले तर दोष नाही, हे खरे. पण न विचारता विकणे म्हणजे न जाणणे नव्हे. गडावर शिसे महाग होते, दुरून आलेले होते, म्हणून ते कोणाच्या हुकमाने आणि कोणत्या कामी लागले हे लिहावे लागे. स्वस्ताईने नेमके तेच लिहिणे बंद पाडले, आणि भाव विचारणारे उरले, कारण विचारणारे उरले नाहीत.

जवळ साठा असणे आणि तो झाडण्याचा अधिकार असणे यांतील अंतर भोरच्या भूमीने एका दारुण प्रसंगी पाहिले आहे. १७०७ मध्ये शाहूराजे मोगलांच्या कैदेतून सुटून आले तेव्हा भोर संस्थानाचे मूळपुरुष शंकराजी नारायण सचिव यांच्या ताब्यात मातब्बर किल्ले होते, आणि त्यांची निष्ठा शाहूंचा गादीवरील हक्क नाकारणाऱ्या ताराबाईंच्या पायी वाहिलेली होती. इमान मोडावे तर शपथेचा भंग, लढावे तर छत्रपतींच्याच घराण्यावर हत्यार धरणे. या पेचात त्यांनी आंबवड्यास देहत्याग केला असे सांगतात, आणि त्यांची समाधी तेथे आहे. त्यांचा निर्णय अनुकरणीय म्हणून मी सांगत नाही. कोठी भरलेली असताना अपराध कोणाचा हे ठरेना, म्हणून ज्याला ती कोठी उघडता आली नाही असा हा पुरुष आहे, आणि त्याची व्यथा मला फार थोर वाटते.

आजचा पेच डोंगरकपारीच्या शेतकऱ्याचा आहे. भात पोटरीवर आले की रानडुकरांचा कळप एका रात्रीत खाचर उकरून टाकतो. जैन आचार्यांनी हिंसेचे संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी असे जे भेद केले, त्यांत पिकाच्या राखणीसाठी झालेली हिंसा संकल्पी, म्हणजे मारण्याच्याच हेतूने केलेली, नव्हे, हे मी मानतो, आणि पीकसंरक्षणाचा परवाना मागणाऱ्याला हिंस्र म्हणणाऱ्यांशी माझे जमत नाही. पण डुक्कर अपराधी नाही. अथर्ववेदाच्या सूक्तातील वैऱ्याची जागा त्याला देता येणार नाही, कारण ते भुकेसाठी खाते आणि शेतकरीही भुकेसाठीच राखतो. म्हणून या हिंसेला क्षमा आहे ती मारल्या जाणाऱ्याच्या दोषामुळे नव्हे, तर मारणाऱ्याच्या निरुपायामुळे. आणि निरुपाय कुंपण, जाळ, हाकारे हे सारे करून झाल्यावरच सुरू होतो. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने वन्यप्राणी मारण्यापूर्वी परवानगी घ्यावयास लावली ती पुष्कळांना जाचक वाटते. मला मात्र तिच्यात, गोळी सुटण्यापूर्वी कोणीतरी कारण विचारलेच पाहिजे, ही जुनी शिस्त दिसते.