बोल्टची कळ

रायफलचा एक भाग मी करून दिला नाही, एवढं खरं. का दिला नाही, हे मात्र तपासायला हवं. कारण लोकांत जे कारण फिरतंय ते मी सांगितलेलं नाही, आणि खोडूनही काढलेलं नाही.

काम ओळखीतल्या एका नेमबाज मुलाचं होतं. रायफल परवान्याची, ॲक्शन खास बनवून घेतलेली. बोल्ट मागे ओढल्यावर तो ॲक्शनमधून बाहेर निसटू नये म्हणून डाव्या अंगाला एक छोटी कळ असते. ती पिनेवर झुलते, मागची स्प्रिंग तिला आत रेटते, आणि तिचं नाक बोल्टच्या वाटेत आडवं येतं. साफसफाईला बोल्ट काढायचा झाला की कळ दाबायची. नाक बाजूला सरतं, बोल्ट हातात येतो. जुन्या माऊझर 98 मध्येही अडवणारा तुकडा डावीकडेच असतो. या मुलाच्या कळीचं नाक झिजलं होतं. 50 मीटर थ्री पोझिशनच्या पात्रता फेरीत 60 गोळ्या, सरावाच्या वेगळ्या; प्रत्येक गोळीनंतर बोल्ट येऊन त्या नाकावर थडकणार. झिजणारच.

"काका, एवढंसं पातं आहे. तुमच्या हाताला कुणी नाही बघा."

खोटं कशाला बोलू, मी नाही म्हणालो तेव्हा निम्मं काम डोक्यात होऊनही गेलं होतं. पोलाद कुठलं घ्यायचं, पाणी किती द्यायचं, पिनेचं भोक आधी की नाक आधी. नाक लांब राहिलं तर बोल्टला घासणार, आखूड राहिलं तर हिसक्यानं ओढल्यावर बोल्ट सटकणार. मधली जागा ड्रॉइंगवर सापडत नाही. ब्लू लावायचं, बसवायचं, कुठं टेकतंय ते पाहायचं, कानशीचा एक हलका हात, परत ब्लू. सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत मागाचे सुटे भाग आणि इतर जॉबवर्क करण्यात माझं आयुष्य गेलं. असं नाजूक काम आता क्वचित येतं. त्याला नको म्हणताना जीवावर आलं.

तरी नको म्हटलं, कारण मला शिक्षा ठाऊक होती. शस्त्र अधिनियम 1959 च्या कलम 5 प्रमाणे शस्त्र बनवायला परवाना लागतो, दुरुस्त करायलाही लागतो, आणि शस्त्राच्या व्याख्येत सुटे भागही येतात. 2019 च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना बनवण्याला कमीत कमी सात वर्षं, जास्तीत जास्त जन्मठेप. परवानाधारक दुरुस्तीवाल्याकडे जा, असं मी त्याला सांगितलं. सल्ला बरोबरच होता. पण तो उठता उठता म्हणाला, "कळलं काका. तुमचं तत्त्व आहे." मी मान हलवली.

ती मान मला टोचते. भीतीला त्यानं तत्त्वाचा सदरा घातला आणि मी बटणं लावून घेतली.

नंतर मी स्वतःला बरीच सजावट पुरवली. सोलापूरला बंदूक आठवते ती नळीच्या पुढे उभं राहून. 8 मे 1930 ला पोलिसांनी जमावावर गोळ्या झाडल्या, पुढे मार्शल लॉ आला, आणि 12 जानेवारी 1931 ला मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन यांना येरवड्यात फाशी दिली. अशा गावचा माणूस रायफलला हात कसा लावेल, असं मी दोघा-तिघांना ऐकवलंही. नकार देताना यातलं काहीच मनात नव्हतं. उलट ज्या परवान्याच्या धाकानं मी मागे सरलो त्याची मुळं 1878 च्या इंग्रजांच्या शस्त्र कायद्यात, रयतेला निःशस्त्र ठेवणाऱ्या. हुतात्म्यांचं नाव घ्यायला मी भलतीच जागा शोधली.

शिवाय त्या पोराच्या रायफलनं मरणार तरी कोण होतं? समोर कागद. दहाचं वर्तुळ 10.4 मिलिमीटरचं. 1 ऑगस्ट 2024 ला राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं याच प्रकारात 451.4 गुणांवर ऑलिंपिक कांस्य घेतलं तेव्हा पेढे वाटणाऱ्यांत मी होतो. तेव्हा कुठं होती अहिंसा?

खरी अडचण याच्याही मागची आहे. जॉबवर्कच्या ड्रॉइंगवर भागाचा नंबर असतो, माप असतं, टॉलरन्स असतो. तो भाग पंपात जातो, मोटारीत जातो की आणखी कशात, ते लिहिलेलं नसतं, आणि मी कधी विचारलं नाही. विचारणारा फिटर गिऱ्हाइकाला आवडत नाही, हे एक. दुसरं, मला जाणून घ्यायचंच नव्हतं. 'रायफल' हा शब्द कानावर पडल्यावर जागी झालेली माझी सदसद्विवेकबुद्धी भागाच्या नंबरवर इतकी वर्षं गाढ झोपली होती. त्या मुलानं नुसता कागदावर नंबर टाकून ड्रॉइंग पाठवलं असतं, तर चार दिवसांत कळ तयार करून, तेल लावून, पुडीत बांधून दिली असती. बिलावर 'लिव्हर, एक नग' एवढंच.

परवाना असता तर? केली असती, आनंदानं. पुढचा कुणी आला असता तर त्याचा हेतू विचारला असता का, याचं उत्तर 'हो' असं द्यावंसं वाटतं. माझी आजवरची बिलबुकं तसं सांगत नाहीत.

मुलाचं काम बाहेरगावच्या परवानाधारकाकडून झालं. भेटला की तो अजून 'तत्त्ववाले काका' म्हणतो. या आठवड्यात पुण्याहून एक ड्रॉइंग आलंय, छोटा खटका, नाकाला टणकपणा मागितलेला. वापराचा रकाना कोरा आहे. मी भाव कळवलाय. तो रकाना भरून पाठवा, असं अजून लिहिलेलं नाही.