ध्यास लागतो की आपण घेतो?



आजचा श्लोक गीतेच्या दुसऱ्या अध्यायातला, ६२ वा. त्याला जोडूनच ६३ वा वाचायचा, कारण ती एकच उतरंड आहे. विषयांचं सतत चिंतन केलं की संग जडतो. संगातून काम, कामातून क्रोध, क्रोधातून संमोह, मग स्मृतिभ्रंश, बुद्धिनाश आणि शेवटी नाश.

मला वाटायचं, हे दारू-जुगारवाल्यांसाठी आहे. आपला काय संबंध?

यंदा माझं प्रमोशन हुकलं, बरोबरच्या मित्राचं झालं. तीन आठवडे डोक्यात तेच. हरिपाठ म्हणताना ओठ हलायचे आणि आत मॅनेजरशी भांडण चालू असायचं. घरी सगळ्यांवर चिडचिड. एका रात्री आईचा फोन आला, "अरे, बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट झालं. तुझ्या फोनची वाट बघत होते."

ऑपरेशनची तारीख मीच ठरवून दिली होती. साफ विसरलो.

स्मृतिभ्रंश! शंकराचार्य भाष्यात सांगतात, इथली स्मृती म्हणजे शास्त्र आणि आचार्यांच्या उपदेशातून झालेल्या संस्कारांची आठवण. मी नुसती तारीख विसरलो नव्हतो. मुलगा म्हणून माझं काम काय, तेच विसरलो होतो.

पण ही घसरण सुरू कुठे झाली? श्लोकाचा पहिलाच शब्द बघा : 'ध्यायतः'. धातू 'ध्यै'. 'ध्यान' त्याचंच, आपला मराठी 'ध्यास'ही त्याच कुळातला. आणि गंमत म्हणजे बाराव्या अध्यायाच्या सहाव्या श्लोकात भगवंत आपल्या भक्तांचं वर्णन करतात, तिथेही हाच धातू येतो. बृहदारण्यक उपनिषदात याज्ञवल्क्य मैत्रेयीला आत्म्याविषयी श्रवण, मनन आणि निदिध्यासन सांगतात. तिथेही तोच.

म्हणजे मनाची क्रिया एकच. खाली नेणारी तीच, वर नेणारीही तीच. फरक फक्त कशाचा ध्यास, एवढाच.

आपली भाषा अजून एक फरक दाखवते. आपण म्हणतो 'ध्यास लागला', आणि 'ध्यास घेतला' असंही म्हणतो. लागतो तो आपल्याला न विचारता, नकळत. घेतो तो जाणूनबुजून, आणि रोज पुन्हा घ्यावा लागतो. रिकामं मन तसंच राहत नाही. आपण काही घेतलं नाही, तर त्याला काहीतरी लागणारच.

शनिवारी गावी गेलो. बाबा एवढंच म्हणाले, "आलास?" दोन दिवस त्यांच्या डोळ्यांत वेळेवर थेंब घातले, प्रत्येक वेळी मनात नाम घेत. प्रमोशनचा विचार आला नाही असं नाही. आला, आणि तसाच गेला.

आजचा अभ्यास : रात्री फोन बाजूला ठेवून दोन मिनिटं स्वतःला विचारा, आज दिवसभर मला काय लागलं होतं? आणि उद्या मी काय घेणार आहे?

राम कृष्ण हरी 🙏