बंद दाराआडचा मुका जीव

मांजरीला कोंडून उपाशी मारणाऱ्या स्त्रीची हदीस आपण लहानपणापासून ऐकत आलो. तिचा अपराध नेमका कोणता? तिने अन्न दिले नाही आणि बाहेर जाऊन ते शोधण्याची मोकळीकही ठेवली नाही. दार लावले त्याच क्षणी त्या जिवाची जबाबदारी तिच्यावर आली होती. पाळीव जनावराचा नफका फिक्हच्या ग्रंथांत मालकावर ठेवला आहे.

मग त्याच्या आजारपणाचे काय? मांजर तापाने फणफणली, तर तुम्ही दयेपोटी पॅरासिटामॉलची अर्धी गोळी दुधातून द्याल. मांजरीच्या यकृताला हे औषध पचविता येत नाही. रक्त प्राणवायू वाहून नेईनासे होते, हिरड्या तपकिरी पडतात आणि ती दगावते. वैद्यक न जाणता उपचार करणारा नुकसानीस जबाबदार, असे प्रेषित मुहम्मद (स.) यांनी सांगितले आहे. ते माणसांविषयी असले, तरी मुक्या जिवाबाबत आपण निर्धास्त राहावे, असे मला वाटत नाही. त्याला तर कुठे दुखते हेही सांगता येत नाही.

पशुवैद्याला घरी बोलाविले की शेजारी विचारतात, "मांजरीवर एवढा खर्च? हा इस्राफ नव्हे का?" प्रश्न रास्त आहे. गरजू नातलगाचा हक्क डावलून हौस पुरवू नये. परंतु हौस होती ती मांजर घरी आणताना. आता उरले आहे ते कर्तव्य. राखणीच्या कुत्र्याचेही तेच. लाळ लागली तर धुवावी, त्याची जखम मात्र चिघळू देऊ नये.

हजरत अबू कतादा (रजि.) यांनी वुजूच्या पाण्याचे भांडे मांजरीपुढे कलते केले आणि तिचे पिऊन होईपर्यंत तसेच धरून ठेवले.