मेलाय की दमलाय?

प्रवेश अर्जांची मुदत रात्री बाराला संपणार होती आणि साडेनऊला पहिला पॉड पडला.

पुण्यातल्या एका लहान कंपनीत या अर्जांचं संकेतस्थळ ती सांभाळायची. अर्ज स्वीकारणारं सॉफ्टवेअर कंटेनरमध्ये बांधलेलं, त्याच्या सहा प्रती पॉड नावाच्या सहा कप्प्यांत चालू, आणि सगळ्यांवर देखरेख कुबरनेटीसची. ग्रीकमध्ये या शब्दाचा अर्थ सुकाणू धरणारा. गूगलने 2014 मध्ये ही प्रणाली सगळ्यांसाठी खुली केली आणि आज जगभर ती वापरात आहे. पण या सुकाणूवाल्याला स्वतःचे डोळे नाहीत. आपण जो प्रश्न विचारायला सांगू तेवढाच तो विचारतो.

तिने त्याला एकच प्रश्न देऊन ठेवला होता: जिवंत आहेस का? दर दहा सेकंदांनी प्रत्येक पॉडला ही हाक जायची आणि एका सेकंदात ओ यावी लागायची. सलग तीनदा ओ आली नाही, की तो कंटेनर बंद करून नवा सुरू करायचा. हे आकडे तिने विचार करून ठरवले नव्हते. आपण काही लिहिलं नाही तर प्रणाली हेच धरून चालते. वर्षभर ते पुरले, म्हणून कुणी त्यांच्याकडे पाहिलं नाही.

त्या रात्री पहिला पॉड खरं तर मेला नव्हता. शेकडो अर्ज एकदम अंगावर आल्यामुळे ‘आहे’ म्हणायला त्याला एकाऐवजी दोन सेकंद लागत होते, एवढंच. तीन हाका चुकल्या आणि सुकाणूवाल्याने त्याला मारलं. त्याच्या हातातले अर्ज अर्धवट तुटले, त्याच्या वाट्याची गर्दी उरलेल्या पाचांवर गेली. मग दुसरा मंदावला. तोही गेला.

तिने घाईघाईने सहाच्या बारा प्रती केल्या. कुणालाही तेच सुचलं असतं. पण या सॉफ्टवेअरला उभं राहून डेटाबेसशी जोडून घ्यायला वेळ लागायचा, आणि ‘तयार आहेस का’ हे विचारायची सोय तिने लिहिलीच नव्हती. कंटेनर सुरू झाला, की नाव यादीत लागायचं. यादीतल्या कुणाला कोणती विनंती द्यायची, हे तिच्या क्लस्टरमध्ये चिठ्ठी टाकल्यासारखं ठरायचं. कोण मोकळा, कोण बुडालेला, याची दखलच नाही. नवे पॉड धड जागे व्हायच्या आत बुडत होते आणि मारले जात होते. वारंवार पडणाऱ्याला पुन्हा उठवण्याआधी प्रणाली थांबते: आधी दहा सेकंद, मग वीस, मग चाळीस, असं वाढत पाच मिनिटांपर्यंत. अकराच्या सुमाराला बारापैकी दोन पॉड उभे होते.

या सगळ्यात तिच्या सोबतीला एक नवखा मुलगा होता, घरून काम करणारा. त्याच्या नावापुढे हिरवा ठिपका दिसत होता, म्हणून तिने त्याला लॉग तपासायला सांगितलं. मग डेटाबेस. मग ग्राहकाला निरोप. सव्वाअकराला त्याने भलतीच सेवा रीस्टार्ट केली. “सॉरी ताई,” त्याने लिहिलं, “काल रात्रीपासून जागा आहे. डोळे मिटत होते.”

मुदत दोन दिवसांनी वाढली. अर्ज बुडाले नाहीत, पण कुठल्या कुठल्या गावांतून, सायबर कॅफेत रांग लावून बसलेल्या मुलांचा तो एक संध्याकाळभराचा धसका कुठल्याच अहवालात येत नाही. तिला तो लागला होता.

पहाटे पाचला तिने गावी फोन लावला. आप्पा कृष्णाकाठच्या एका साखर कारखान्यात ऊस यार्डावर होते. काटा झालेली गाडी ऊस ओतायला कोणत्या गव्हाणीकडे सोडायची, हे बघायचं त्यांचं काम. तिने जमेल तेवढं सोपं करून सांगितलं.

“म्हणजे चालू हाय का, एवढंच इचारत हुतासा?”

“हो.”

“गव्हाण चालूच असती गं. पण आधीचा ऊस तुंबलाय, मोळी अडाकलीय, त्यात मी आणखी चार ट्रॅक्टर सोडलं तर? तिथला माणूस हात वर करतो. तेवढा वेळ गाड्या दुसरीकडं. हात खाली आला की परत सोडायच्या. हात वर केला म्हणून त्याला काय घरी घालवतो व्हय?” थोडं थांबून ते म्हणाले, “मेलाय का दमलाय, एवढं तर बघशील का न्हाई?”

सकाळी तिने तीन प्रश्न वेगळे लिहिले. उठलास का, हा पहिला. त्याला होकार येईपर्यंत बाकीचे दोन विचारायचेच नाहीत. गर्दी घेशील का, हा दुसरा. नाही म्हणाला तर नाव यादीतून काढायचं, पॉडला हात लावायचा नाही, हो म्हणाला की परत घ्यायचं. जिवंत आहेस का, हा शेवटचा, आणि त्याला भरपूर सवलत. दुसऱ्या प्रश्नात डेटाबेसची तपासणी तिने मुद्दाम घातली नाही. डेटाबेस जरा अडखळला तर सगळे पॉड एकदम हात वर करतील आणि दारातूनच 503, म्हणजे ‘सेवा उपलब्ध नाही’, असं उत्तर जाईल. प्रती वाढवाव्या लागल्याच. सगळेच दमले तर नुसतं विचारून काय होणार?

आप्पांनी आणखी एक सांगितलं होतं. गव्हाण बंद करायची तर आधी गाड्या थांबवायच्या, लायनीत लागलेल्या रिकाम्या करायच्या, मग बटण. पॉड बंद करताना त्याचं नाव यादीतून निघणं आणि त्याला थांबायचा आदेश जाणं, दोन्ही बरोबरच सुरू होतं. म्हणून चुकार विनंत्या मागाहून येतच राहतात. आदेशापूर्वी काही सेकंद थांबायची एक ओळ तिने घातली.

वाढीव मुदतीच्या रात्री ती परत पडद्यासमोर होती. नऊ चाळीसला एका पॉडने हात वर केला. आलेखातली त्याची रेघ खाली गेली, शेजारच्यांच्या किंचित वर चढल्या. अर्ध्या मिनिटाने ती रेघ परत आली.

दहाला ग्राहकाकडून एक नवं काम आलं. मुलाच्या नावापुढे हिरवा ठिपका होता. तिने काम टाकायला हात उचलला, थांबली, आणि लिहिलं, “आत्ता हातात किती आहे तुझ्या?”

बराच वेळ उत्तर नव्हतं. मग आलं, “दोन कामं अर्धी आहेत ताई. हे सकाळी घेऊ का?”

तिने ते काम स्वतःच्या नावावर घेतलं.