घर राखणारा तत्त्वज्ञ आणि बिनघराचा देव

मार्गशीर्ष लागला की आमच्या घरी वडिलांची पोथी बाहेर निघते. बासन सोडायचं, पानं नीट लावून घ्यायची, चौरंग पुसायचा. दत्तजयंतीला समाप्ती होईल असा हिशोब धरून सप्ताह बसतो. वडील गेल्यावर हे काम माझ्याकडे आलं, त्याला आता 19 वर्षं झाली. गेल्या वर्षी पाचव्या दिवशी माझ्या गुडघ्यांनी असहकार पुकारला, तेव्हा मुलगी म्हणाली, "बाबा, उरलेलं मी वाचू का?"

मी गप्प बसलो. का, ते या अंकाच्या वाचकांना सांगायला नको. गुरुचरित्र बायकांनी वाचू नये हे आमच्या घरात कोणी कधी शिकवलं नाही. ते घराच्या भिंतींनाच ठाऊक होतं. कसाबसा भिंतीला टेकून मी सप्ताह पुरा केला. प्रश्न मात्र तसाच राहिला. परंपरा राखायची म्हणजे नेमकं काय राखायचं?

उभी हयात राज्यशास्त्र शिकवण्यात गेली, त्यामुळे अडलं की माझा हात पुस्तकांच्या कपाटाकडे जातो. ही खोडच म्हणा. या वेळी हाती लागले रॉजर स्क्रूटन. इंग्लंडमधले हे परंपरावादी तत्त्वज्ञ 1944 साली जन्मले आणि जानेवारी 2020 मध्ये गेले. वडील शाळामास्तर, मजूर पक्षाचे कट्टर, उमरावांवर दात ठेवून असणारे. पण आपल्या गावचे जुने रस्ते आणि आसपासची शेतं वाचावीत म्हणून झगडणारेही तेच. मुलगा राजकारणात बापाच्या विरुद्ध टोकाला गेला, तरी गावावरची माया त्याने बापाकडूनच घेतली असावी. 1968 च्या मे महिन्यात हे पॅरिसमध्ये होते. खिडकीखाली विद्यार्थी गाड्या उलथवत होते, फरसबंदीचे दगड फेकत होते. मोडायचं काय हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, त्याच्या जागी मांडायचं काय ते कोणालाच सांगता येईना. आपण परंपरावादी झालो ते त्या दिवसांत, असं स्क्रूटन पुढे सांगत.

त्यांच्या लेखनाचा गाभा एका शब्दात सांगायचा तर 'घर'. घर या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्यांनी घराच्या ओढीला एक नाव दिलं आणि आपल्याच घराविषयी वाटणाऱ्या तिटकाऱ्याला दुसरं. राष्ट्र म्हणजे त्यांच्या लेखी हेच घर, मोठं केलेलं. 2004 साली त्यांनी 'इंग्लंड अँड द नीड फॉर नेशन्स' ही छोटी पुस्तिका लिहिली. तिच्यातला मुद्दा आपल्याकडे दोन्ही बाजूंच्या लोकांनी शांतपणे ऐकावा असा आहे. एकाच धर्माची माणसं एकत्र येतात तेव्हा बाहेरचा माणूस परका किंवा पाखंडी ठरतो. एका भूमीवर, एका कायद्याखाली राहणारी माणसं एकमेकांकडे शेजारी म्हणून पाहू शकतात, मग प्रत्येकाचा देव वेगळा असेना का. म्हणून देशावरची निष्ठा त्यांना हवी होती. फ्रेंच राज्यक्रांतीत राष्ट्रालाच देव्हाऱ्यात बसवणारा जो राष्ट्रवाद निघाला तो मात्र ते रोग मानत. ही दोन टोकं त्यांनी सतत वेगळी ठेवली. त्यांचे चाहते आणि टीकाकार दोघेही इथेच घाईने वाचतात, असं मला वाटतं.

अडचण पुढे येते. या घराला घरपण कशाने येतं? स्क्रूटन म्हणतात, तिथे गेलेल्यांच्या खुणा असतात म्हणून. एडमंड बर्कने 1790 मध्ये एक विचार मांडला होता की समाज ही आज जिवंत असलेल्यांची, होऊन गेलेल्यांची आणि अजून जन्मायच्या असलेल्यांची भागीदारी आहे. स्क्रूटननी तो आयुष्यभर जपला. पितृपक्षात पाण्यात उभं राहून तीन पिढ्यांची नावं घेणाऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही. इंग्लंडच्या खेड्यात या खुणा जपल्या चर्चने: घंटा, जुन्या वळणाची प्रार्थना, भोवतालचं दफनभूमीचं अंगण. 2012 साली त्यांनी आपल्या चर्चवर 'अवर चर्च' हे पुस्तक लिहिलं. विल्टशरमधल्या गार्सडन नावाच्या खेड्यातल्या चर्चमध्ये ते स्वतः ऑर्गन वाजवत. नेमाने, रविवारी. हे वाचलं आणि मला ते एकदम शेजारचे वाटले.

कारण माझंही तसंच आहे. सप्ताहाला बसतो, सोवळं पाळतो, सात दिवस चटईवर निजतो. पण चमत्कारांच्या अध्यायाशी आलो की मन कुठे असतं ते मला ठाऊक आहे. मग मी वाचतो कशाला? वडील वाचायचे म्हणून? स्क्रूटन यावर धीर देतात. त्यांचं म्हणणं असं की माणूस आधी आपल्यांत सामील होतो, विश्वास मागाहून येतो. सिद्धांत तपासून मग कोणी प्रार्थनेला जात नाही. उत्तर चांगलं आहे, पण मला ते पुरत नाही. देवळात जायचं ते 'आपण' एक राहावं म्हणून, असं एकदा ठरलं की देव हा 'आपण'चा चाकर झाला. स्क्रूटन स्वतः त्या थराला गेले नाहीत. पवित्र गोष्टीपुढे त्यांचं मस्तक खरंच झुकत असे, हे त्यांच्या शेवटच्या पुस्तकांत दिसतं. पण त्यांची वाक्यं खिशात घालून फिरणारे कितीतरी जण बिनदिक्कत त्या थराला जातात.

आणि आपला देव तर घर राखणारा नाहीच. काशीला स्नान, कोल्हापूरला भिक्षा, माहूरला निद्रा. असल्या देवाला पत्ता विचारायचा कुठला? श्रीपाद श्रीवल्लभ पीठापूरचे, नृसिंहसरस्वतींच्या पादुका वाडीला आणि गाणगापूरला, टेंबे स्वामी माणगावचे आणि समाधी नर्मदाकाठी गरुडेश्वरला. तेलुगू, कानडी, मराठी, गुजराती. वेस कुठे ओलांडली ते भक्ताच्या ध्यानातही येत नाही. अवधूताने चोवीस गुरू केले, त्यांत कबुतर आहे, अजगर आहे, पिंगला आहे. कुळातलं कोणी नाही. आणि देवगिरीवर एकनाथांना दर्शन दिलं ते मलंगाच्या वेशात. परंपरेतली आठवण अशी की नाथांनी पहिल्यांदा ओळखलंच नाही. ही गोष्ट सांगताना आपण मलंगावर भर देतो. मला त्या न ओळखण्याचीच भीती वाटते. एवढा अधिकारी शिष्य, आणि परक्या कपड्यांत देव आला तेव्हा तोही बिचकला.

इथे स्क्रूटन यांच्या आयुष्यातलाच एक प्रसंग त्यांच्या सिद्धांताहून पुढे जातो. 1979 साली ते प्रागला एका घरातल्या खासगी वर्गात बोलायला गेले. दारावर पोलीस. आत बसलेली माणसं विद्यापीठातून हाकललेली. अशा विद्वानांवर तेव्हा बॉयलरमध्ये कोळसा टाकायची नाहीतर झाडू मारायची पाळी आली होती. विद्यापीठाच्या इमारती जागच्या जागी होत्या, पदव्या वाटल्या जात होत्या, पण प्लेटो जिवंत होता तो या कोंदट खोलीत. पुढच्या वर्षी स्क्रूटन आणि त्यांच्या सोबत्यांनी अशा वर्गांना पुस्तकं आणि व्याख्याते पोचवण्यासाठी यान हुसच्या नावाने संस्था काढली. 1985 मध्ये बर्नो शहरात त्यांना पकडून देशाबाहेर काढलं. पुढे 1998 साली हावेल यांनी त्यांना पदक दिलं. परंपरा राखण्याचा अधिकार ज्यांच्याकडे होता त्यांनी तिचं मढं केलं होतं, आणि अधिकार नसलेल्यांनी ती पाठीवर वाहिली.

हे वाचताना मला आई आठवली. वडील पोथी वाचत तेव्हा ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी गव्हातले खडे वेचत बसायची. चाळीस वर्षं. वडिलांची ओवी कुठे अडली की आतून हलकेच पुढचा शब्द यायचा. वडील तो उचलून पुढे जायचे, मान वर न करता. तिने पोथीला कधी हात लावला नाही. पण घरात गुरुचरित्र पाठ कोणाला होतं, असं विचाराल तर उत्तर एकच.

स्क्रूटन यांच्या त्याच चर्चने 1992 च्या नोव्हेंबरात बायकांना धर्मगुरू होऊ देण्याचा ठराव केला आणि 1994 च्या मार्चमध्ये ब्रिस्टलला पहिल्या 32 जणींना दीक्षा मिळाली. रागावून काही लोक निघून गेले. घंटा वाजायच्या थांबल्या नाहीत. तेवढ्यावरून इकडचं ठरवावं असं मी म्हणत नाही. तिकडचा हिशोब वेगळा. शास्त्र काय म्हणतं ते मला आहे, नाकारायचं नाही. टेंबे स्वामींच्या वाटेने चालणाऱ्या जाणत्यांचं मन दुखवून मला काही सिद्धही करायचं नाही. पण मला मूल एकच. ही मुलगी. माझ्यामागे पोथी बासनात राहिली तर बर्कच्या भागीदारीतला जन्मायचा असलेला भागीदार कोणाच्या तोंडून ऐकणार?

गेल्या महिन्यात वाडीला गेलो होतो. पाणी उतरलं होतं, पादुकांचं दर्शन नीट झालं. एका वृद्ध ओळखीच्या पुजाऱ्यांना बाजूला घेऊन सगळं सांगितलं. ते बराच वेळ नदीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "तुमच्या आईंचं नाव काय होतं हो?"

मी सांगितलं. त्यांनी अंगारा दिला तो दोन पुड्यांत.

सप्ताह पुढच्या गुरुवारी बसतोय. मुलीने पुण्याहून फोन करून विचारलं, येताना नेसायला काय आणू. मी म्हटलं, आजीचं सोवळ्याचं लुगडं कपाटात आहे, ते धुऊन ठेवतो.