दोन शेळ्यांना पन्नासने गुणताना

शेतीला पशुपालनाची जोड द्या, हा सल्ला महाराष्ट्रात इतकी वर्षे आणि इतक्या व्यासपीठांवरून दिला जातो आहे की तो तपासून पाहावा असे आता कुणाला वाटत नाही. सल्ला चुकीचा नाहीच. 2015-16 च्या कृषी गणनेनुसार राज्यात एका खातेदाराच्या वाट्याला सरासरी 1.34 हेक्टर, म्हणजे सव्वातीन एकरांच्या आसपास जमीन येते, आणि सरासरीच्या खाली असणारेच बहुसंख्य. त्यातली बरीच जिरायत. राष्ट्रीय नमुना पाहणीने 2018-19 मध्ये देशभरातल्या शेतकरी कुटुंबांचा हिशेब मांडला तेव्हा महिन्याचे सरासरी उत्पन्न 10,218 रुपये निघाले. त्यात मजुरीचे 4,063, पिकांचे 3,798 आणि जनावरांचे 1,582. म्हणजे शंभरातले पंधरा रुपये गोठ्यातून आलेले. एवढ्यावर थांबले तर निष्कर्ष सोपा आहे: जनावरे वाढवा, उत्पन्न वाढेल. पण त्याच पाहणीत दुसराही एक हिशेब आहे. त्यात खिशातून प्रत्यक्ष न गेलेला खर्चही, म्हणजे घरचा चारा, फुकट गोळा करून आणलेली वैरण वगैरे, किंमत लावून वजा केला आहे. तसे केल्यावर पिकांचे उत्पन्न 3,798 वरून 3,058 वर येते. जनावरांचे मात्र 1,582 वरून थेट 441 वर.

छोट्या पशुपालनाचे अर्थशास्त्र या दोन आकड्यांमधल्या फरकात आहे. गरिबाच्या दावणीचा नफा मुख्यतः ज्याला बाजारात भाव नाही त्या गोष्टींतून निघतो. बांधावरचे गवत, बाभळीच्या शेंगा, तुरीचे आणि हरभऱ्याचे भुसकट, खुरपणीला जाताना सोबत नेलेल्या शेळीने ओढ्याकाठी खाल्लेला पाला, घरातल्या म्हाताऱ्या माणसाचा रिकामा वेळ. दोन शेळ्या यावर जगतात, वितात, आणि वर्षाकाठी जी दोन-चार करडे विकली जातात त्यांचा जवळपास सगळा पैसा घरात राहतो. नव्याने सुरुवात करणारा हे शेजाऱ्याकडे पाहतो, दोनला पन्नासने गुणतो आणि शंभर शेळ्यांचा गोठा बांधायला घेतो. पण बांध पन्नास पटीने वाढत नाही. तिसऱ्या-चौथ्या शेळीपासून कधीतरी फुकटचे संपते आणि विकतचे सुरू होते. कुठल्या आकड्याला हे वळण येते ते प्रत्येकाच्या शेतावर, विहिरीवर आणि माणूसबळावर ठरते. त्या आकड्यापर्यंतच सुरुवात करावी आणि तो आकडा आधी चाऱ्याने पुढे सरकवावा, जनावरांनी नव्हे, एवढेच या लेखाचे म्हणणे आहे.

शेळीपालनाचा कुठलाही प्रकल्प अहवाल उघडून पाहावा. दहा शेळ्या आणि एक बोकड. शेळीचा गाभणकाळ पाच महिन्यांचा, म्हणून दोन वर्षांत तीन वेत. उस्मानाबादी शेळीला जुळी करडे होण्याचे प्रमाण चांगले, म्हणून प्रत्येक वेताला दोन. गुणाकार होतो वर्षाला तीस करडांचा. कागदावर यात एकही शेळी उलटत नाही, एकही करडू पावसाळ्यात हगवणीने जात नाही, बोकड कधी आजारी पडत नाही. समजा हे सगळे सोडून दिले. आता खाण्याचे पाहू. तीस किलो वजनाच्या शेळीला रोज साधारण किलोभर शुष्क खाद्य लागते. हिरव्या चाऱ्यात मोजले तर चार-पाच किलो. वाढती करडे धरून दहा शेळ्यांच्या कळपाला दिवसाला पन्नासएक किलो धरायला हरकत नाही, म्हणजे वर्षाला अठरा टन. पाण्याखालच्या पाव-अर्धा एकर संकरित नेपिअरमधून एवढे सहज निघते. इथवर ठीक. शंभर शेळ्यांना मात्र रोज पाच क्विंटल चारा कापायचा, वाहायचा, कुट्टी करून गव्हाणीत टाकायचा, आणि त्यासाठी अडीच-तीन एकर बारमाही बागायत अडकवायची. ज्याच्याकडे तेवढी बागायत आहे तो कांदा किंवा ऊस लावेल. ज्याच्याकडे नाही त्याचा एप्रिल-मे विकतच्या चाऱ्यावर जाईल. वर पगारी माणूस आलाच.

शिवाय टनांच्या हिशेबात शेळी बसत नाही. गाय जमिनीवरचे गवत खाली मान घालून चरते. शेळी मागच्या पायांवर उभी राहून फांदी ओढते, चार पाने तोडते आणि पुढच्या झुडपाकडे जाते. दिवसभरात ती दहा-बारा प्रकारचा पाला तोंडी लावते. पायाखाली तुडवलेला, लेंड्या-मुताचा वास लागलेला चारा ती शिवत नाही. म्हणून जाणते लोक पाल्याच्या पेंढ्या दोरीला टांगतात. तिच्यापुढे रोज एकच जाड दांड्याचे गवत टाकले की पाने खाल्ली जातात आणि दांडे गव्हाणीत राहतात. अहवालातला पाच किलो चारा इथे तीन किलोच ठरतो. कमी पडलेले मग पेंड आणि मक्याचा भरडा भरून काढतात, आणि त्यांचे भाव शेतकऱ्याच्या हातात नसतात. गर्दीचे आजारही असतात. चार घरांत विखुरलेल्या आठ शेळ्यांत पीपीआर शिरला तर दोन-तीन जातात. एका छपराखाली लस न टोचलेल्या शंभर असतील तर पंधरवड्यात गोठा बसतो. बाजारातून वेगवेगळ्या दावणींच्या शेळ्या एकाच ट्रकमध्ये भरून आणल्या की हा धोका पहिल्या दिवसापासूनच सोबत येतो.

मग मोठे बंदिस्त गोठे चालतात ते कसे? काही चांगले चालतात, हे मान्य केले पाहिजे. पण त्यांच्या जमेच्या बाजूला पाहावे. अनेकांचे उत्पन्न खाटकाला विकलेल्या बोकडांतून कमी आणि नव्याने धंद्यात येणाऱ्यांना विकलेल्या पैदाशीच्या जनावरांतून व प्रशिक्षण वर्गांतून जास्त येते. आफ्रिकन बोअर, सोजत, बीटल असे शब्द ज्या किमतींना विकले गेले त्या मटणाच्या भावाशी कधीच जुळणाऱ्या नव्हत्या. पुढचा नवशिका येत राहील तोवर असा धंदा टिकतो. 2019 मध्ये सांगली-कोल्हापूर पट्ट्यात बाहेर आलेले कडकनाथ कोंबडीचे प्रकरण याच वाटेने गेले होते: पिल्ले आमच्याकडून घ्या, अंडी आणि पक्षी आम्हीच चढ्या दराने परत घेऊ. त्याआधी इमूने तेच केले होते. प्रत्येक वेळी फसवणाऱ्याला दोष दिला गेला आणि तो योग्यच होता; पण खाणारे गिऱ्हाईक कोण, हा प्रश्न न विचारता जनावर घ्यायची जी सवय लागली आहे तिच्याबद्दल कुणी बोलले नाही.

सरकारी योजनांचा कल याच सवयीला बळ देणारा आहे. राष्ट्रीय पशुधन अभियानाची 2021 मध्ये नव्याने आखणी झाली तेव्हा शेळी-मेंढी पैदास केंद्रासाठी पन्नास टक्के, कमाल 50 लाख रुपये अनुदान ठेवले गेले आणि अट होती 500 माद्या व 25 नरांची. पुढे ही अट 100 माद्या व 5 नरांपर्यंत खाली आणली गेली. शंभर शेळ्या ही जिथे सर्वात लहान पायरी आहे, तिथे अडीच एकरवाल्याने चढायचे कुठून? राज्य सरकारची दहा शेळ्या व एक बोकड गट वाटपाची योजना त्या मानाने जमिनीवरची आहे. पण तिथेही जनावर आधी येते आणि चारा मागाहून, आला तर.

आणि चारा हल्ली आपोआप येत नाही. मराठवाड्यात आणि पश्चिम महाराष्ट्राच्या पठारावर ज्वारी हे धान्याइतकेच कडब्याचे पीक होते. मालदांडीसारख्या उंच वाणाला आजही मान आहे तो भाकरीमुळे तसाच ताटांमुळेही. खरिपातली ज्वारी मागे हटली आणि तिच्या जागी सोयाबीन आले. सोयाबीनने रोख पैसा दिला, पण जनावराने आवडीने खावे असे मागे फारसे काही ठेवले नाही. ऊसपट्ट्यात वाढे मिळतात. पण त्यांत ऑक्झलेट असते, ते कॅल्शियम अडवते, आणि नुसत्या वाढ्यांवर पोसलेली दुभती म्हैस हळूहळू हाडांतून देणे चुकवत राहते. नव्या पशुपालकाला वारशाने मिळणारा चाऱ्याचा साठा असा आटलेला आहे. त्याच्या आजोबांचा गोठा ज्वारीच्या जोरावर चालत होता, हे त्याला कुणी सांगितलेले नसते.

उलट उदाहरण हिवरे बाजारचे. तिथे आधी चराईबंदी झाली, डोंगरावर चर खोदले गेले, गवत राखले गेले आणि कापून नेण्याची शिस्त लागली. दूध त्यानंतर वाढले. या क्रमाला महत्त्व आहे. मात्र चराईबंदीचा भार सगळ्यांवर सारखा पडत नाही, हेही नोंदवायला हवे. ज्याच्याकडे गोठा आणि कापायला माणूस आहे त्याला बंदी फायद्याची ठरते. ज्या भूमिहीन बाईच्या तीन शेळ्या त्याच डोंगरावर जगत होत्या तिला त्या विकाव्या लागतात. शेळी डोंगर बोडका करते या आरोपात तथ्य आहे, पण तीन शेळ्यांनी बोडका झालेला डोंगर शोधून सापडणार नाही.

यावर पहिला आक्षेप सरळ आहे. दोन-चार शेळ्यांत माणूस जगतो, वर येत नाही. लहानच राहा असे सांगणे म्हणजे गरिबीला तत्त्वज्ञानाचा मुलामा देणे होय. आक्षेप रास्त आहे, म्हणून वेगाचा हिशेब मांडतो. एकाच तालुक्यातल्या, माहितीच्या घरच्या दोन गाभण शेळ्या घेतल्या, किंवा जुन्या रीतीने अर्ध्या वाट्याने पाळायला घेतल्या, नर विकले आणि माद्या राखल्या, तर मरतूक धरूनही तीन वर्षांत आठ-दहा माद्यांचा कळप उभा राहू शकतो. पहिल्याच पावसाळ्यात बांधावर लावलेली शेवरी, सुबाभूळ आणि हादगा तेवढ्याच काळात कापणीला आलेले असतात. कर्ज काढून पहिल्या महिन्यात आणलेल्या दहा शेळ्यांपेक्षा हे तीन वर्षे उशिरा होते, खरे आहे. पण त्या तीन वर्षांत माणूस लसीचे वेळापत्रक, जंताचे औषध, अडलेली वीण आणि बाजारातली उक्ती बोली हे सगळे दोन जनावरांच्या किमतीत शिकतो. वजनकाटा न लावता नुसते पाहून बोकडाची किंमत करणाऱ्या व्यापाऱ्यासमोर नवखा किती गमावतो, हे कुठल्याच अहवालात नसते.

दुसरा आक्षेप दुधाचा. विकतच्या खाद्यावर, संकरित गायींवर आणि संस्थेच्या दूध संकलनावर पश्चिम महाराष्ट्रातली हजारो घरे उभी राहिली, मग फुकटच्या चाऱ्याचे एवढे कौतुक कशाला? त्या घरांना उभे केले ते सहकारी संस्था, कृत्रिम रेतन आणि बागायती पाण्याने. 1967 साली उरुळीकांचनला मणिभाई देसाईंनी सुरू केलेल्या बाएफसारख्या संस्थांची त्यात मोठी कामगिरी आहे. परंतु दुधाच्या खर्चात निम्म्याहून जास्त वाटा खाद्याचा असतो आणि विक्रीचा दर दुसरेच ठरवतात. जुलै 2023 मध्ये राज्य सरकारने 3.5 फॅट व 8.5 एसएनएफच्या गायीच्या दुधाला लिटरमागे 34 रुपये दर जाहीर केला. काही महिन्यांत प्रत्यक्ष दर त्याच्या बराच खाली आला आणि 2024 च्या सुरुवातीला सरकारला लिटरमागे पाच रुपये अनुदान देऊन भर घालावी लागली. या पडझडीत ज्यांचा मुरघास आणि मका घरचा होता ते तगून राहिले. पेंडीच्या उधारीवर चालणाऱ्यांनी गायी विकायला काढल्या. 2015 च्या गोवंश हत्याबंदीनंतर भाकड गाय आणि जर्सीचा गोऱ्हा विकणेही सोपे राहिलेले नाही. शेळी कुठल्याही आठवड्याच्या बाजारात विकली जाते, पेरणीला पैसे लागले तर त्याच दिवशी. पहिले जनावर म्हणून तिच्या बाजूने हाच सगळ्यात मोठा मुद्दा आहे.

तिसरा आक्षेप मला सर्वांत जड वाटतो. ज्याला मी ‘भाव नसलेले’ म्हणतो त्यात बाईचे श्रम मोठे आहेत. डोक्यावरून आणलेला भारा, झाडलोट, रात्री व्यायला आलेल्या शेळीजवळचे जागरण, हे फुकट आहे म्हणून नफा दिसतो, असे कुणी म्हटले तर त्याला पूर्ण उत्तर माझ्याकडे नाही. एवढे दिसते की कळप लहान असेपर्यंत शेळीचा पैसा बहुधा बाईच्या हातात राहतो, आणि गोठा, कर्ज व फलक आले की व्यवहार पुरुषाच्या नावावर जातो. काम करणारे हात मात्र बदलत नाहीत. उमेद अभियानातल्या पशुसखी गावातच राहून लस आणि जंतनाशक देतात. त्यांच्यासारख्या व्यवस्थेवर खर्च केला तर बाईचे कष्ट थोडे कमी होतील आणि मरतूकही. शेडच्या अनुदानातून यांपैकी काहीच होत नाही.

लहान पशुपालनाला मदत करायची असेल तर ती चाऱ्यापासून सुरू व्हायला हवी: कर्ज मंजूर करताना शेडचा नकाशा मागण्याऐवजी बांधावर किती झाडे उभी आहेत ते पाहावे, वैरण बियाणे आणि कडबाकुट्टी यंत्र गटाला आधी द्यावे, शेळ्या दुसऱ्या वर्षी. आणि गायरानांचा विषय टाळता येणार नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये जगपाल सिंग खटल्यात गावांच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणे हटवण्याचे आदेश राज्यांना दिले होते. आता मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेखाली गायरानांवर सौर प्रकल्प उभे राहत आहेत. दिवसा वीज हवी यात वाद नाही, विहिरीवरचा चारा त्याच विजेवर वाढणार आहे. पण गायरान देण्याचा ठराव ग्रामसभेपुढे येतो तेव्हा त्यावर कुणाच्या किती शेळ्या चरतात याची यादीही त्याच सभेत वाचली जावी, आणि भाडेपट्ट्याच्या रकमेतला एक हिस्सा त्या यादीतल्या घरांच्या वैरणीसाठी बांधून द्यावा.